चहा, तंबाखू आणि आपल्या सवयी

चंगळवादावर आपल्याकडे बरेच बोलले जाते. जुम्म्याच्या बयानात इसराफचा निषेध होतो, व्याख्यानांत जागतिकीकरणाला दोष दिला जातो आणि ऐकणारे माना डोलावतात. तरीही लग्नाचा खर्च, हप्त्यावरची गाडी, वर्षा-दोन वर्षांत बदलणारा मोबाइल यांत फरक पडत नाही. लोक ढोंगी आहेत, हे त्याचे सोपे उत्तर. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

रोजच्या चहाचेच पाहा. सव्वाशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानातल्या सामान्य घरात चहा नव्हता. १८३९ मध्ये आसामचा चहा लंडनच्या लिलावात गेला. पुढे मळे वाढले, पण माल मुख्यतः विलायतेसाठी होता. १९०३ मध्ये निर्यातीच्या चहावर उपकर बसवून तो पैसा प्रचाराला लावण्यात आला. रेल्वे स्टेशनांवर चहाची दुकाने निघाली, चहा कसा करावा हे सांगणारे फलक लागले, गिरण्या-कारखान्यांत चहा शिरला, फुकट कप वाटले गेले. १९३० च्या दशकातील मंदीत हा प्रचार आणखी वाढला. आज भारतात पिकणाऱ्या चहाचा फार मोठा हिस्सा भारतातच संपतो.

म्हणजे माल आधी आला, गरज मागाहून निर्माण केली गेली. पण एकदा रुजलेली गरज खोटी राहत नाही. आज पाहुण्याला चहा विचारला नाही तर तो अपमान ठरतो. वस्तू आपल्या अदबीचा, नात्यांचा भाग होते. चैन अंगवळणी पडली की तीच निकड बनते, हे इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात 'मुकद्दमा'मध्ये ओळखले होते.

मौलाना अबुल कलाम आझाद १९४२ पासून अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. तेथे लिहिलेल्या 'गुबार-ए-खातिर'मधील पत्रांत त्यांच्या बिनदुधाच्या चिनी चहाचे वर्णन उर्दू वाचकांना परिचित आहे. त्याच पुस्तकात ते सांगतात, की १९२१ च्या अटकेत त्यांनी सिगारेट सोडली आणि सुटका होताच पुन्हा घेतली. एवढा निग्रही माणूस! मला यात त्यांचा दुबळेपणा दिसत नाही. तुरुंगात भोवतीचे जगच बदलले होते. जुने जग परत मिळाले तशी सवयही परतली.

मग हुकुमाने सवय मोडते का? १५११ मध्ये मक्केत खैर बेग या अधिकाऱ्याने कॉफीवर बंदी घातली. कैरोच्या दरबाराने ती सौम्य केली आणि कॉफी राहिली ती राहिलीच.

याउलट इराणचे उदाहरण घ्या. १८९० मध्ये नासिरुद्दीन शाहने तंबाखूच्या व्यापाराचा मक्ता ५० वर्षांसाठी टॅलबट या इंग्रजाला दिला. डिसेंबर १८९१ मध्ये मिर्झा हसन शिराझी यांच्या नावाने फतवा निघाला आणि देशभर हुक्के थंडावले. शाहच्या जनानखान्यातही तंबाखू बंद झाला. जानेवारी १८९२ मध्ये मक्ता पूर्ण रद्द करावा लागला. बाजाराने दुकाने बंद ठेवली, उलेमांनी कारण समजावले आणि सर्वांनी एकाच वेळी सोडल्यामुळे कोणा एकाला लाज वाटण्याचा प्रश्नच उरला नाही. मात्र फतवा मागे घेतला गेला तसे हुक्के पुन्हा पेटले. लढा मक्त्याशी होता, सवयीशी नव्हता.

या दोन्ही गोष्टी आपण लक्षात घ्यायला हव्यात. साधा निकाह करावा, हे प्रत्येक बापाला पटते. पण एकट्याने केला तर लोक त्याला कंजूष म्हणतात किंवा त्याची गरिबी मोजतात. म्हणून तो कर्ज काढतो. त्याला उपदेश करून काय साधणार? मोहल्ल्याने आणि जमातीने मिळून निकाह मस्जिदीत, जेवण साधे, जहेज नाही असे ठरवले आणि त्याची सुरुवात ऐपतदार घराने केली, तर गरिबाला मान खाली घालावी लागणार नाही. एका हंगामापुरता ठराव मात्र पुरणार नाही. चहा घराघरांत पोहोचायला कित्येक वर्षांचा चिकाटीचा प्रचार लागला. साधेपणासाठी तेवढी चिकाटी आपण कधी दाखवली आहे?