मेंदूच्या खोलातली अरुंद वाट

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा झाला. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कोर्टकचेरी असो की मोठं दुखणं, नजर हैदराबादकडे लागायची. त्याच हैदराबादचं एक पान मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासाला जोडलेलं आहे, आणि ते मराठवाड्यात आवर्जून सांगायला हवं.

२५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली यांनी एका तरुणाच्या मेंदूतली गाठ काढली. तेव्हा एक्स-रेचाही शोध लागला नव्हता. झटके आणि हाताचा लुळेपणा एवढ्यावरून डॉ. ह्यूज बेनेट यांनी गाठीची जागा सांगितली होती, आणि ती नेमकी तिथेच सापडली. रुग्ण मात्र महिनाभरात जंतुसंसर्गाने दगावला. ही गाठ तशी वरवरची होती. खोलातल्या गाठीला हात घालायचा तर निरोगी मेंदू चिरत जावं लागे, आणि वाटेतच वाचा किंवा हातपाय जाण्याचं भय असे.

भुलीचं भय वेगळंच. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे आद्य सर्जन व्हिक्टर हॉर्स्ली क्लोरोफॉर्म पसंत करत, कारण इथरने मेंदूतला रक्तस्राव वाढतो असं त्यांना दिसलं होतं. पण क्लोरोफॉर्मखाली माणसं अचानक मरत. कशाने? हा प्रश्न हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनी हाती घेतला. १८८८ मध्ये प्रयोग झाले. इंग्लंडमधल्या डॉक्टरांना ते पटेनात, तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी १,००० पौंड दिले आणि १८८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातर्फे डॉ. लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणून श्वासावर लक्ष ठेवा, असा निष्कर्ष निघाला. तो पुरता खरा नव्हता. हलक्या भुलीतही हृदयाची लय बिघडून ते थांबू शकतं, हे गुडमन लेव्ही यांनी १९११ च्या सुमारास दाखवलं. तरीही भूल दिलेल्या माणसाचा श्वास क्षणोक्षणी पाहण्याची शिस्त लावण्यात लॉरींचा वाटा मोठा आहे. रूपाबाई फर्दुनजी या जगातल्या अगदी पहिल्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक. त्या लॉरींच्याच विद्यार्थिनी.

खोलातल्या गाठीपर्यंतची वाट पुढे नजरेने उघडली. १९०७ मध्ये श्लोफर यांनी नाकातून जाऊन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ काढली. १९४७ मध्ये स्पीगेल आणि वायसिस यांनी डोक्याला चौकट बसवून मोजमापाने सुई आत नेली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला, आणि कवटी न उघडता गाठ दिसू लागली. आज बोटाएवढ्या नळीतून, मेंदूच्या घड्यांमधून तंतू न कापता बाजूला सारत दुर्बिणीने काम होतं. सगळ्याच गाठींना हे लागू नाही. काहींना आजही कवटी मोठी उघडावी लागते.

मुंबईत मेंदूच्या शस्त्रक्रियेची शाखा १९५० च्या दशकात डॉ. राम गिंडे आणि डॉ. होमी दस्तूर यांनी रुजवली. गिंडे माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड यांच्याकडे शिकून आले होते. मराठवाड्याला १९५६ मध्ये औरंगाबादचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळालं, आणि जालनेकरांच्या तोंडी ‘घाटी’ हे नाव बसलं. घाटी जालन्याहून साठेक किलोमीटरवर. जालन्याचं स्वतःचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय उजाडायला २०२४ साल लागलं. हा उशीर मोठा आहे, आणि त्याची किंमत खेड्यांतल्या रुग्णांनी मोजली आहे.

झटका आला की कांदा हुंगवणं, बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावणं हे अजूनही होतं. गाठ लहान असताना कळली, तर अरुंद वाटेने काढता येण्याची शक्यता जास्त. म्हणून पहाटे वाढणारी डोकेदुखी, उलट्या, अंधूक होत जाणारी नजर किंवा मोठ्या वयात पहिल्यांदाच आलेला झटका दिसला, तर अंगाऱ्यापाशी थांबू नका. माणसाला तपासणीसाठी न्या आणि डॉक्टरांना स्कॅनबद्दल विचारा.