नामसंघर्ष, डेबियन पॅकेजांमधील

डेबियन या लिनक्स वितरणासाठी पॅकेज, म्हणजे प्रोग्रामच्या फायली व त्यांच्या स्थापनेविषयीची माहिती यांचा संच, बांधताना परस्परांशी संबंध नसलेल्या दोन प्रकल्पांनी एकच नाव वापरल्यामुळे उद्भवणारी अडचण. एका पॅकेजची फाइल दुसऱ्या पॅकेजच्या फाइलीवर लिहिली जाऊ लागल्यास ‘डीपीकेजी’ हा स्थापक सामान्यतः काम थांबवतो. परंतु आज्ञेचे नाव सारखे आणि कार्य मात्र भिन्न असेल, तर प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. अशा वेळी एका प्रोग्रामचे नाव बदलावे आणि एकमत न झाल्यास दोन्हींची नावे बदलावीत, असे डेबियनचे धोरण सांगते. हा नियम कठोर वाटला तरी तडजोडीस भाग पाडणारा आहे.

‘नोड’ हे नाव हौशी रेडिओच्या एका जुन्या प्रोग्रामकडे असल्याने, जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडजेएसला तांत्रिक समितीच्या २०१२ च्या निर्णयानुसार ‘नोडजेएस’ ही आज्ञा स्वीकारावी लागली. मात्र इतरत्र लिहिलेल्या असंख्य स्क्रिप्टांच्या पहिल्याच ओळीत ‘नोड’ असल्यामुळे त्या डेबियनवर अडू लागल्या, म्हणून जुने नाव पुरवणारे एक पूरक पॅकेज ठेवावे लागले. रेडिओचा प्रोग्राम मागे पडल्यावर २०१७ मध्ये समितीने हे बंधन उठवले.

समान कार्याच्या प्रोग्रामांसाठी, उदाहरणार्थ निरनिराळ्या संपादकांसाठी, एका सामाईक नावाची जोडणी निवडलेल्या पर्यायाकडे वळवणारी ‘अल्टरनेटिव्ह्ज’ व्यवस्था आहे. भिन्न कार्याच्या प्रोग्रामांना ती लागू पडत नाही. त्यामुळेच ‘बॅट’ हा फाइलदर्शक डेबियनमध्ये ‘बॅटकॅट’ या नावाने चालवावा लागतो.