हृदयातलं छिद्र शोधायला शिरेत बुडबुडे का सोडतात? बबल इको म्हणजे नेमकं काय?

सलाईनच्या नळीत हवेचा एक बुडबुडा दिसला तरी नातेवाईक ‘सिस्टर, सिस्टर’ करत धावतात. मग डॉक्टरच मुद्दाम शिरेत हवेचे बुडबुडे सोडणार आहेत, असं कळलं तर?

घाबरू नका. या तपासणीचं नाव आहे बबल कॉन्ट्रास्ट इको. नेहमीच्या टूडी इकोत सहज न दिसणारं हृदयातलं छिद्र तिच्यात पकडता येतं. बऱ्याचदा ही तपासणी अशा तरुण पेशंटची होते, ज्यांना स्ट्रोक म्हणजे पक्षाघात झालाय, पण बीपी, शुगर, मानेच्या रक्तवाहिन्या सगळं तपासूनही कारण सापडत नाही.

हे छिद्र येतं कुठून?

खरं तर ते आपल्या सगळ्यांनाच असतं, जन्माआधी. पोटातलं बाळ फुफ्फुसाने श्वास घेत नाही. त्याला ऑक्सिजन आईकडून वारेतून मिळतो. म्हणून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक वाट असते. फुफ्फुसाकडे न जाता बरंचसं रक्त तिच्यातून थेट उजवीकडून डावीकडे जातं. बाळाने पहिला श्वास घेतला की डावीकडचा दाब वाढतो आणि या वाटेवरची झडप मिटते. पुढे बहुतेकांमध्ये ती कायमची चिकटून जाते.

पण साधारण दर 4 माणसांमागे एकात ती पूर्ण चिकटत नाही. यालाच पीएफओ म्हणतात. वरळीच्या चाळीतलं कडी न लावता नुसतं लोटलेलं दार आठवा. एरवी ते बंदच असतं, पण समुद्राकडून वाऱ्याचा झोत आला की उघडतं. हृदयातली ही झडपही खोकताना, शिंकताना, जोर लावताना क्षणभर उघडू शकते. तेवढ्यात पायाच्या शिरेतून आलेली रक्ताची बारीक गुठळी पलीकडे गेली, तर ती मेंदूपर्यंत पोहोचू शकते.

एएसडी हा प्रकार वेगळा. त्यात पडद्याचा काही भाग तयारच झालेला नसतो. असं मोठं छिद्र बहुतेक वेळा साध्या इकोतही दिसतं.

तपासणी कशी करतात?

हाताच्या शिरेत सुई लावतात. दोन सिरिंज एकमेकींना जोडतात. त्यात साधारण 9 मिली सलाईन आणि 1 मिली हवा असते. हे मिश्रण या सिरिंजमधून त्या सिरिंजमध्ये जोरात ढकलत राहिलं की फेसाळतं. मग ते पटकन शिरेत सोडतात आणि छातीवर इकोचा प्रोब ठेवून स्क्रीन बघतात.

हवेच्या बुडबुड्यावरून ध्वनिलहरी जोरात परततात, म्हणून हृदयाची उजवी बाजू पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जाते. पुढे फुफ्फुसातल्या केशवाहिन्या गाळणीचं काम करतात. बुडबुडे तिथेच अडकतात आणि डावी बाजू काळीच राहते.

डावीकडे साधारण 3 ठोक्यांच्या आत ठिपके दिसले, तर हृदयातच वाट आहे असा संशय बळावतो. ते उशिरा दिसले, तर फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांमध्ये आडवाट असू शकते. पेशंटला श्वास रोखून पोटाला जोर लावायला आणि मग सोडायला सांगतात. कारण तेच, लोटलेलं दार उघडतं का ते बघायचं असतं. चित्र स्पष्ट नसेल, तर अन्ननलिकेतून प्रोब टाकून इको करतात.

ही युक्ती सुचली कशी?

योगायोगाने. अमेरिकेतल्या रोचेस्टरमध्ये रेमंड ग्रामियाक आणि प्रवीण शहा यांनी 1968 मध्ये नोंदवलं की, हृदयात रंगद्रव्य टोचताना इकोत ढगासारखी सावली उमटते. ते बुडबुडे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत, वरळीपासून जवळच असलेल्या परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं होतं. पेशंट काही तासच जगला. हृदयाच्या आत डोकावण्याची आजची साधनं तेव्हा नुकती घडत होती.

हवा शिरेत गेली तर धोका नाही का?

धोका असतो तो मोठ्या प्रमाणात हवा गेल्यास. इथे हवा अगदी थोडी आणि बारीक बुडबुड्यांच्या रूपात असते. ती लवकर विरघळते. क्वचित एखाद्याला थोडा वेळ चक्कर किंवा मुंग्या येऊ शकतात, म्हणून तपासणी प्रशिक्षित टीमसमोरच होते.

छिद्र सापडलं, आता ऑपरेशन?

इथे घाई नको. चौघांत एकाला पीएफओ असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे छिद्र सापडलं म्हणजे स्ट्रोकचं कारण सापडलंच, असं नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांतून दिसलं की, साधारण 60 वर्षांपर्यंतच्या निवडक पेशंटमध्ये छिद्र बंद केल्याने पुन्हा स्ट्रोक येण्याचा धोका कमी होतो. ते जांघेतल्या शिरेतून नळी घालून छोट्या छत्रीसारख्या उपकरणाने बंद करतात. बाकीच्यांना गोळ्या किंवा नुसती देखरेख पुरेशी असू शकते.

म्हणून रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. बुडबुडे किती आणि किती ठोक्यांनी दिसले? स्ट्रोकची दुसरी कारणं तपासून झाली का? निर्णयात हृदयरोगतज्ज्ञासोबत न्यूरोलॉजिस्टही आहेत का?

आणि घरात कुणाचा चेहरा अचानक वाकडा झाला, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर थांबू नका. लगेच 108 ला फोन करा. छिद्राचा शोध नंतर घेता येतो, आधी मेंदू वाचवायचा असतो.