आत्याच्या चाली

गावात आमच्या घराला 'भजनवाले' म्हणायचे. आडनाव फक्त पोस्टमनला ठाऊक. राहुरीकडचं गाव, नगर जिल्हा. पणजोबा हलगी-सनई वाजवायचे. लग्न कुणाचंही असो, वाजंत्री आमची. जेवण मात्र मांडवाबाहेर, पंगती उठल्यावर. 1896 ते 1900 या काळात लागोपाठ दोन दुष्काळ पडले. त्याच सालांत ते ख्रिस्ती झाले. हलगी खुंटीला लागली, हातात टाळ आले.

अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 पासून होतं. पण सुरुवातीची बरीच गीतं इंग्रजी चालींवरची. शब्द मराठी, सूर परका. खुरपणाऱ्या बायांच्या तोंडी ते कसे बसावेत? नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, नगर-राहुरी भागात राहिले आणि 1919 मध्ये जाईपर्यंत शंभरावर पदं लिहून गेले. घाट अभंगाचा, बोली संतांची, आणि आत ख्रिस्त. ही पदं खेड्यापाड्यातल्या घरांनी उचलली, त्यातलंच एक आमचं.

आजोबा पेटीवर, थोरले चुलते मृदंगावर, वडील झांजेवर. बाया मागं बसून धृपद ओढायच्या. नाताळात कंदील घेऊन रात्रभर फेरी निघायची. गावातले वारकरी पारावर थांबून ऐकायचे, एकादशीला आमचा मृदंगही मागून न्यायचे. मृदंग चालायचा, आमच्या हातचं पाणी चालायचं नाही. आजोबा हे हसत सांगायचे. आजी हसायची नाही.

आजोबा गेल्यावर पदांची वही काढली. पहिल्या पानावर तिघा पुरुषांची नावं. निम्म्या पदांपुढं चाल म्हणून एकच शब्द, 'नेहमीची'. आता नेहमीची म्हणजे कोणती? पुण्याहून आलेला चुलतभाऊ कीबोर्डवर तासभर शोधत बसला. तेवढ्यात चुलीपुढून आत्या म्हणाली, "आरं, ती जात्यावरची हाय. आईची."

आणि भाकरी थापता थापता तिनं अख्खं पद म्हटलं. मग दुसरं, मग तिसरं. भाऊ शाळेत गेले तेव्हा ती दुसरीतून निघून खुरपायला गेलेली. वही तिला वाचता येत नव्हती, पण वहीत जे नव्हतं ते सगळं तिच्याकडं होतं. टिळकांचे शब्द पुरुषांनी उतरवून घेतले, त्यांना आमच्या घरची चाल दिली ती दळणाऱ्या बायांनी. इतकी वर्षं आम्ही वारसा म्हणून वही जपली, पेटी जपली. बायांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्या रात्री मी पहिल्या पानावर आजीचं आणि आत्याचं नाव लिहिलं, तिला वाचून दाखवलं.

"बरं केलंस," आत्या म्हणाली. "आता पोरींना घेऊन बस. चाल लिहून येत न्हाई."

पोरी बसल्या. अजून बसतात.