घरांतलें देऊळ : नागासाकीच्या ख्रिस्ती कुटुंबांचा इतिहास

जुबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं आपल्या देवळाकडे पाहून प्रत्येकाचें मन अभिमानानें भरून यावें, हें स्वाभाविक आहे. ज्या पूर्वजांनीं तें उभारलें, त्यांचे उपकार फिटणारे नाहींत. तथापि आजच्या आनंदांत एक प्रश्न आपण स्वतःस विचारावा. हें देऊळ उद्यां बंद झालें, धर्मगुरु दिसेनासे झाले, पवित्र मिस्साही मिळेनाशी झाली, तर आपल्या घरांत ख्रिस्ताचें नांव किती पिढ्या टिकेल? ह्या प्रश्नाचें उत्तर इतिहासानें एकदां दिलें आहे. आणि तें जपानांतील गरीब शेतकऱ्यांच्या व कोळ्यांच्या घरांतून आलें आहे.

त्या देशाशीं आपलें नातें जुनें आहे. संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५ ऑगस्ट १५४९ रोजीं कागोशिमा येथें उतरले. पुढें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांनीं पंचवीस सोबत्यांसह नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर प्राण अर्पिले. १६१४ सालीं सर्व देशांत ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, देवळें पाडलीं गेलीं, आणि धर्मगुरूंस हद्दपार करण्यांत आलें. जे लपून राहिले ते एकामागून एक पकडले गेले; १६४४ सालीं त्यांतील शेवटल्यानेंही रक्तसाक्ष दिली. त्यानंतर सुमारें २२० वर्षें त्या लोकांस मिस्सा नव्हती व पापनिवेदनही नव्हतें.

उरलीं तीं केवळ घरें. नागासाकीजवळच्या उराकामी गांवीं एकानें सणवारांची व उपवासांची दिनगणना ठेवावी, दुसऱ्यानें अर्भकांस पाण्यानें बाप्तिस्मा द्यावा, आणि तिसऱ्यानें घरोघरीं निरोप पोहोंचवावा, अशी व्यवस्था लोकांनींच लाविली होती. पूर्वीच्या मिशनऱ्यांनीं स्थापिलेल्या भ्रातृमंडळांत त्यांस एकत्र राहण्याची संवय लागली होती. तीच आतां उपयोगीं पडली. ग्रंथ जवळ बाळगणें धोक्याचें. म्हणून प्रार्थना मुखोद्गत करून वडील माणसें त्या हलक्या आवाजांत मुलांस शिकवीत. बौद्ध देवता कान्नोन हिची मूर्ति घरांत ठेवून कित्येक तिच्या ठिकाणीं पवित्र मरियेचें ध्यान करीत.

हे सर्वच लोक वीर होते असें मात्र समजूं नये. दरसाल त्यांस गांवच्या पाटलाच्या घरीं बोलावून ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत. नकार म्हणजे छळ व मरण. पुष्कळांनीं पाय ठेविला. परंतु घरीं परतल्यावर, मिशनऱ्यांनीं शिकविलेली पूर्ण पश्चात्तापाची प्रार्थना ते म्हणत. पापनिवेदन ऐकावयास कोणी नसतां पश्चात्तापाची वाट त्यांनीं घरांत मोकळी ठेविली.

अखेर १७ मार्च १८६५ हा दिवस उजाडला. परदेशीयांसाठीं नागासाकींतील ओउरा येथें, गोन्सालोंसह त्या २६ रक्तसाक्ष्यांच्या नांवें, नवें देऊळ नुकतेंच बांधलें होतें. तेथें फ्रेंच धर्मगुरु पेतिजाँ ह्यांच्याजवळ उराकामीचे दहापंधरा लोक आले. त्यांतील एका स्त्रीनें हळूच सांगितलें कीं, आमचें अंतःकरण आपल्यासारखेंच आहे. आणि पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे, असें विचारिलें. सध्यां दुःखाचा काळ चालू असून आज त्याचा सतरावा दिवस आहे, असेंही त्या लोकांनीं सांगितलें. त्या वर्षीं राखेचा बुधवार १ मार्चला होता. वाचकांनीं दिवस मोजून पाहावे! आठनऊ पिढ्या अंधारांत राहूनही त्या घरांची गणना चुकली नव्हती.

बंदी मात्र अद्याप उठली नव्हती. उराकामीच्या सुमारें ३४०० लोकांस हद्दपारी भोगावी लागली, आणि त्यांतील सहाशेंहून अधिक तिकडेच मरण पावले. १८७३ सालीं बंदीचे फलक उतरल्यावर उरलेले परतले. ज्या पाटलाच्या घरीं प्रतिमा तुडविण्यास लावीत, तीच जागा त्यांनीं विकत घेऊन तेथें मोठें देऊळ बांधलें. ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबनें तें उद्ध्वस्त झालें. १९५९ सालीं तें पुन्हा उभें राहिलें.

ह्या कथेस दुसरीही एक बाजू आहे. धर्मगुरु परत आल्यावरही सर्व गुप्त ख्रिस्ती ख्रिस्तसभेंत परतले नाहींत. कित्येकांनीं पूर्वजांची रीतच पुढें चालविली. प्रार्थनांतील लॅटिन व पोर्तुगीज शब्द तोंडीं राहिले, परंतु कालांतरानें अनेकांचा अर्थ हरपला. ह्यावरून उघड होतें कीं, घरांवांचून देऊळ ओस पडतें, आणि देवळावांचून घरांतील शब्द हळूहळू मुके होतात.

आपणांस दोन्ही लाभलीं आहेत, आणि म्हणूनच आपली जबाबदारी अधिक आहे. देवळाची घंटा ऐकूं येत असतां सायंकाळची माळ घरांत म्हटली जात नसेल, मुलांस क्रुसाची खूण शिकविण्याचें काम आपण सर्वस्वी धर्मगुरूंवर व शिक्षकांवर सोंपविलें असेल, तर आपली जुबिली अर्धीच झाली असें म्हणावें लागेल. आईनें मुलाचा हात धरून त्याच्या कपाळीं ती खूण करावी, तिचा अर्थ सांगावा. आजोबांनीं नातवंडांस सण कां पाळतों तें समजावावें. बापानें घरच्यांसह गुडघे टेकावे. उराकामीच्या लोकांनीं ह्याहून फारसें निराळें कांहीं केलें नव्हतें. एवढेंच, कीं त्यांनीं तें एकही पिढी न चुकतां केलें.