गिरणगावातले आजारपण आणि दस्तुरी

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ साली चालू झाली आणि कोकण व देशावरून माणसांची रीघ लागली. १९२१ च्या जनगणनेत शहरातल्या पाचांपैकी चारांहून अधिक लोकांचा जन्म मुंबईबाहेरचा होता आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोकांचा भरणा मोठा होता. या माणसांना उपचार कुठे मिळत आणि त्यांची किंमत कोणत्या वाटांनी वसूल होई, हा गिरणगावाच्या, म्हणजे गिरण्यांभोवतीच्या कामगार वस्तीच्या, इतिहासाचा महत्त्वाचा भाग आहे.

सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय १८४५ पासून गोरगरिबांसाठी खुले होते. पण गिरणी कामगार इस्पितळाची पायरी सहसा चढत नसे. प्लेगच्या साथीत या दुराव्याला भीतीचीही जोड मिळाली. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचे निदान केले. रुग्णांना सक्तीने हलवणे सुरू होताच इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही अशी अफवा पसरली आणि २९ ऑक्टोबरला सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. इस्पितळात पाठवण्याचा धाक घालून शिपायांनी पैसे उकळल्याच्या तक्रारीही त्या काळात झाल्या. पुढे जातींनी व धर्मसमाजांनी आपापली प्लेग इस्पितळे काढली. ज्यांच्यामागे शहरात असा समाज नव्हता, त्यांनी गावची वाट धरली.

एरवीही आजारी माणसाचा पहिला आधार गावकीची खोली हाच असे. एका खोलीत एकाच गावचे दहा-वीस गडी राहत. पाळीप्रमाणे झोपत आणि जेवायला खानावळवालीकडे जात. ताप आलेल्याला भिंतीकडेची जागा मिळे, पेज खानावळीतून येई आणि औषध वैद्याकडून किंवा धर्मादाय दवाखान्यातून. दुखणे लांबले की गाववाले वर्गणी काढून त्याला कोकणच्या बोटीत बसवून देत. गोव्याहून आलेल्यांचे ‘कूड’ याच धर्तीवर चालत. बाळंतपणासाठी बायका बहुधा गावीच जात. १९२१ साली एका खोलीच्या बिऱ्हाडांत दर हजार जन्मांमागे ८२८ अर्भकमृत्यू नोंदले गेले. हा भयंकर आकडा काही अंशी या रिवाजामुळेही फुगला होता, कारण अनेक मुलांचा जन्म गावी होई आणि मृत्यूची नोंद तेवढी मुंबईत होई.

औषधपाण्यापेक्षा मोठा खर्च कामगार बरा झाल्यावर गिरणीच्या फाटकाशी उभा राही. खाडा पडला की त्याच्या जागी बदली कामगार लागे. कुणाला कामावर घ्यायचे हे जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, हाती होते. बायकांच्या खात्यात तोच अधिकार नायकिणीकडे असे. जुनी जागा परत हवी असेल तर दस्तुरी, म्हणजे काम देण्याबद्दलची लाच, द्यावी लागे आणि त्यासाठी सावकाराकडून वा वाण्याकडून कर्ज काढावे लागे. म्हणून अंगात ताप असतानाही माणूस साच्यावर उभा राही. इस्पितळातही वॉर्डबॉय आणि आयांच्या ‘चहापाण्या’ची रीत रुजली. कागदावर फुकट असलेल्या सेवेला अशी दोन ठिकाणी किंमत पडे.

१९२० नंतर कायदा आणि नगरपालिका या दोन्ही बाजूंनी थोडी हालचाल झाली. १९२६ मध्ये परळला, ऐन गिरणगावात, के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली प्रसूती लाभ विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि पुढच्या वर्षी कायदा झाला. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदलीची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे जॉबरच्या मनमानीला काहीसा आळा बसला, पण दस्तुरी संपली नाही.

खरा बदल आला तो कर्मचारी राज्य विमा कायद्याने. १९४८ चा हा कायदा मुंबईत १९५४ साली लागू झाला. पगारातून वर्गणी कापली जाई आणि मालकही आपला वाटा भरे. त्या बदल्यात वस्तीतल्या पॅनेल डॉक्टरकडे उपचार मिळत आणि दाखला असल्यास वर्षाला ५६ दिवसांपर्यंत साधारण निम्मा पगार मिळे. आजारपण प्रथमच हक्काचे झाले. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय याच योजनेतले.

मात्र हा हक्क शहरात राहण्यामुळे मिळत नव्हता. तो नोकरीला बांधलेला होता. खानावळवाल्या, पाटीवाले, घरकामाच्या बायका आणि लहान कारखान्यांतले मजूर त्याच्या बाहेरच राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. वर्गणी थांबली तशी विम्याची सवलतही संपली आणि हजारो कुटुंबांना पुन्हा पालिकेच्या इस्पितळांतल्या रांगा, खासगी डॉक्टर आणि गावची वाट यांवरच भिस्त ठेवावी लागली.