दाबा आणि फिरवा

काही औषधांच्या बाटल्यांचं झाकण नुसतं फिरवून निघत नाही. ते कटकट आवाज करत जागच्या जागी गोल फिरत राहतं. तळव्याने खाली दाबायचं आणि दाब न सोडता फिरवायचं, तेव्हा कुठे ते सुटतं. या दोन हालचाली एकाच वेळी करायला लावण्यामागे एक मोठी गोष्ट आहे, आणि तिच्यात दोन हात आहेत: एक चार वर्षांच्या पोराचा, दुसरा सत्तरीतल्या आजीचा.

सुरुवात ॲस्पिरिनपासून. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लहान मुलांसाठी संत्र्याच्या चवीची ॲस्पिरिन निघाली. मराठीत ‘गोळी’ म्हणजे औषधही आणि लिमलेटही. तिकडच्या मुलांचा तसाच घोटाळा झाला. मुलं मूठभर गोळ्या खाऊ लागली आणि विषबाधेच्या केसेस झपाट्याने वाढल्या. ड्यूक विद्यापीठातले बालरोगतज्ज्ञ जे अरीना यांनी औषध कंपनीच्या मागे लागून एका बाटलीत ३६ च गोळ्या ठेवायला लावल्या. हिशेब सरळ होता: बाटली रिकामी झाली तरी मूल वाचायला हवं. १९५३ साली शिकागोत अमेरिकेतलं पहिलं विषबाधा नियंत्रण केंद्र सुरू झालं. पण ही केंद्रं बहुतेकदा गोळ्या पोटात गेल्यानंतर उपयोगी पडायची.

कॅनडातल्या विंडसर शहरात डॉ. आँरी ब्रो नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. विषबाधा झालेली मुलं रात्री-अपरात्री त्यांच्यासमोर यायची. औषधं उंच ठेवा, कुलपात ठेवा, हे पालकांना सांगून सांगून ते थकले. शेवटी पीटर हेजविक या कारखानदाराबरोबर त्यांनी १९६७ मध्ये दाबून फिरवायचं झाकण तयार केलं. लहान मुलाला दाबता येतं आणि फिरवताही येतं. दोन्ही एकदम करणं मात्र त्याला सहसा जमत नाही. विंडसर परिसरात मुलांच्या विषबाधा ९१ टक्क्यांनी घटल्याची नोंद झाली.

३० डिसेंबर १९७० रोजी अमेरिकेत विषबाधा रोखणाऱ्या पॅकिंगचा कायदा झाला. १९७२ मध्ये ॲस्पिरिनला आणि १९७४ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या, तोंडावाटे घ्यायच्या औषधांना असं झाकण सक्तीचं झालं. झाकण पास की नापास, हे ठरवायची चाचणी मोठी मजेशीर आहे. साडेतीन ते सव्वाचार वर्षांची दोनशे मुलं घ्यायची. त्यांना जोडीजोडीने बसवून हातात बाटली द्यायची आणि पाच मिनिटं झटापट करू द्यायची. मग एकदा उघडून दाखवायचं, ‘दात लावले तरी चालतील’ असंही सांगायचं आणि आणखी पाच मिनिटं द्यायची. एवढं करूनही शंभरातल्या किमान ऐंशी मुलांना ते उघडता आलं नाही, तर झाकण पास.

मोठ्यांचीही चाचणी होती. शंभर माणसांपैकी नव्वद जणांना झाकण उघडता आणि परत लावता यायला हवं. या शंभर जणांचं वय? १८ ते ४५.

सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेल्या कुणालाही इथली गोम लगेच कळेल. टेस्ट पास झाली, कारण जो अडखळणार होता त्याला टेस्टला बोलावलंच नव्हतं. रोज सर्वात जास्त गोळ्या घेणारी माणसं साठीच्या पुढची. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, मनगटात जोर नाही, नजर कमी. पोराला कळत नाही म्हणून उघडत नाही, आजीला कळतं पण जोर लागत नाही. झाकणाच्या दृष्टीने दोघं सारखेच.

मग माणसांनी जे करायचं तेच केलं. झाकण एकदा कसंबसं काढलं की परत लावायचंच नाही. गोळ्या साध्या डबीत ओतून ठेवायच्या. नातवालाच हाक मारून झाकण उघडून घ्यायचं, हा तर तिकडचा जुना विनोद. कायद्यात पळवाट होती: मागितलं तर औषध दुकानदार साधं झाकण देऊ शकत होता. पण ज्या घरात एरवी मूल नसतं, तिथेही सुट्टीत नातवंडं येतात. आजी-आजोबांची औषधं खाऊन मुलांना विषबाधा झाल्याच्या नोंदी होतच राहिल्या.

तरीही झाकणाने जीव वाचवले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार १९७४ ते १९९२ या काळात सुमारे ४६० मुलांचे मृत्यू टळले. तेव्हा झाकण काढून टाकणं हा उपाय नव्हताच. १९९५ साली अमेरिकेने नियम बदलला. मोठ्यांच्या चाचणीत आता ५० ते ७० वयाची माणसं आली, त्यातली निम्मी साठीच्या पुढची. १९९८ पासून तो लागू झाला. झाकणं बदलली. ताकदीपेक्षा समजुतीवर चालणारी, कमी जोरात उघडणारी रचना करावी लागली. मुलाला रोखणं आणि म्हाताऱ्या माणसाला अडवणं या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं नियमात यायला पंचवीस वर्षं लागली.

घर सोडून माणूस संस्थेत राहायला गेला की झाकणाची जागा कपाटाचं कुलूप घेतं. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये औषधं कुलपात असतात आणि नशा आणणाऱ्या वेदनाशामकांना आणखी वेगळं कुलूप असतं. कारणं खरी आहेत. स्मृतिभ्रंश झालेला शेजारी चुकून खोलीत शिरतो, औषधं चोरीलाही जातात. पण किल्ली कर्मचाऱ्याकडे गेली की चाळीस वर्षं स्वतःची ब्लडप्रेशरची गोळी स्वतः घेणारा माणूस पाण्याचा ग्लास धरून वाट बघत बसतो. १९८७ च्या सुधारणा कायद्यानंतर तिथल्या नियमांत एक हक्क आला: तज्ज्ञांच्या गटाने सुरक्षित ठरवलं, तर राहणाऱ्याला आपली औषधं आपण घेता येतील. म्हणजे आधी माणूस तपासायचा, मग कुलूप ठरवायचं. स्वतंत्र खोली आणि गरजेपुरती मदत देणारी जी निवासस्थानं आहेत, तिथले नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, पण प्रश्न हाच आहे.

शिवाय नुसत्या कुलपाने चुका थांबत नाहीत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी रुग्णालयं आणि नर्सिंग होम मिळून ३६ ठिकाणी औषध देण्याचं निरीक्षण करण्यात आलं होतं. जवळपास दर पाच डोसांमागे एक चुकलेला निघाला. त्यात चुकीच्या वेळी दिलेले सर्वात जास्त, त्याखालोखाल द्यायचेच राहून गेलेले.

आपल्याकडे बहुतेक गोळ्या स्ट्रिपमध्ये येतात, म्हणून झाकणाचं भांडण फारसं ऐकू येत नाही. पण चाचणीला कुणाला बोलावलं, हा प्रश्न इथेही आहे. मेडिकलवाला दहातल्या चार गोळ्या कापून देतो आणि नाव किंवा एक्स्पायरी उरलेल्या तुकड्यावर राहते. चकचकीत फॉइलवरची बारीक अक्षरं चष्मा लावूनही लागत नाहीत. मग गोळ्या ‘सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी’ अशा ओळखल्या जातात. पुढच्या महिन्यात कंपनी बदलली की रात्रीचीही पांढरी होते.

नोकरीसाठी लांब राहणारे आपण ऑनलाइन सात कप्प्यांची डबी मागवतो आणि काम झालं असं समजतो. त्याऐवजी पुढच्या खेपेला घरी गेलात की १९९५ ची चाचणी करून बघा. आई-बाबांना, आजीला त्यांच्या रोजच्या गोळ्या काढायला सांगा. पाच मिनिटं शेजारी बसा. मदत करू नका, शिकवू नका, नुसतं बघा. कोणती गोळी फॉइल फोडताना सोफ्याखाली जाते, कोणतं झाकण उघडंच ठेवलंय, कुठली डबी नातवाच्या हाताला लागेल एवढ्या खाली आहे. मग डबी कुठली घ्यायची आणि कुठे ठेवायची ते त्यांनाच विचारा.